वादाला मुष्टियुद्ध म्हणू नका

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की मराठी वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर एक ठरावीक भाषा अवतरते. दोन उमेदवार दूरचित्रवाणीच्या मंचावर समोरासमोर उभे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला कळते की अमुकाने तमुकाला ‘नॉकआउट’ केले, तमुक पहिल्याच ‘राउंड’मध्ये ‘बॅकफूट’वर गेला, शेवटचा ‘पंच’ मात्र त्याचाच होता. (बॅकफूट हा मुळात क्रिकेटचा शब्द, पण घाईत कोण पाहतो?) २०२४ साली २७ जूनला अटलांटात बायडेन आणि ट्रम्प, १० सप्टेंबरला फिलाडेल्फियात हॅरिस आणि ट्रम्प असे दोन सामने झाले. होय, ‘सामने’ असेच छापून आले. त्या दोन रात्री कोणते प्रश्न विचारले गेले आणि त्यांतल्या कोणत्यांना उत्तर मिळाले, हे मराठीत वाचायला मिळावे म्हणून आम्ही बराच शोध घेतला. ठोशांची मोजदाद मिळाली, उत्तरांची मिळाली नाही.

अमेरिकेच्या निवडणुकीशी बेळगाव-खानापूरच्या माणसाला काय देणे-घेणे, असे कोणी विचारील. देणे-घेणे अमेरिकेशी नाही, त्या भाषेशी आहे. वाद म्हणजे ठोसेबाजी ही समजूत आपल्या भाषेत अशीच मुरत गेली, तर ज्या समाजाजवळ आपला प्रश्न मांडण्यासाठी युक्तिवादाखेरीज दुसरे साधन उरलेले नाही, त्या समाजाचे सर्वांत मोठे नुकसान होईल. तो समाज आपला आहे.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे सरळ मांडू. उमेदवारांची मुष्टियोद्ध्यांशी तुलना अगदीच पोकळ नाही. ती करमणूक करते आणि काही वेळा खरोखर काही दाखवतेही. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झैरेमधील किंशासा येथे मोहम्मद अली जॉर्ज फोरमनसमोर उभा राहिला. फोरमन वयाने लहान, अंगाने आडदांड, आणि त्याच्या ठोशांची जगभर धास्ती. अली दोरांना पाठ टेकवून, हातांची ढाल करून, फोरमनला मारू देत राहिला. सात फेऱ्यांत फोरमनचे हात जड झाले. आठव्या फेरीत अलीने त्याला खाली पाडले. आता ३ ऑक्टोबर २०१२ची डेन्व्हरची रात्र आठवा. मिट रॉम्नी सारखे पुढे येत होते आणि बराक ओबामा मान खाली घालून काहीतरी टिपून घेत होते. ओबामांचा एखादा चाहता त्या रात्री किंशासाचा दाखला देऊ शकला असता. पण अली दोरांवर रेलला होता तो डाव म्हणून, आणि ओबामांजवळ त्या रात्री डाव नव्हता, फक्त दोर होते. ही तुलना आम्हाला आवडते, कारण तिच्यामुळे माघार आणि डावपेच यांतला फरक समजतो.

दुसरे उदाहरण २९ सप्टेंबर २०२० चे. क्लीव्हलंडला ट्रम्प यांनी बायडेन यांना आणि सूत्रसंचालक ख्रिस वॉलेस यांना एकही वाक्य धड पूर्ण करू दिले नाही. मुष्टियुद्धात दमलेला किंवा अडचणीत आलेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याला मिठी मारतो, म्हणजे त्याला ठोसा मारायला जागाच उरत नाही. पंच येऊन दोघांना वेगळे करतो. क्लीव्हलंडच्या रात्री तीच मिठी नव्वद मिनिटे चालली आणि वेगळे करणारा कोणी नव्हता. पुढल्या फेरीत, २२ ऑक्टोबरला नॅशव्हिल येथे, आयोजकांनी एकाच्या नेमून दिलेल्या वेळात दुसऱ्याचा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याची सोय केली. म्हणजे जे काम मुष्टियुद्धात पंच हाताने करतो, ते तिथे एका खटक्याने करावे लागले.

इथवर तुलना चालते. यापुढे मात्र ती मुष्टियुद्धाचीच बदनामी करते, असे आमचे म्हणणे आहे.

मुष्टियुद्ध हा नियमांचा खेळ आहे. क्वीन्सबरीचे नियम १८६७ साली प्रसिद्ध झाले. तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विसावा, हातात मोजे, पडलेल्याला उठायला दहा आकडे. कमरेखाली मारायचे नाही आणि पाठीमागूनही नाही. वजनाचे गट असतात. साठ किलोच्या पोरासमोर नव्वद किलोचा गडी कोणी उभा करीत नाही. माइक टायसनने २८ जून १९९७ रोजी होलीफील्डचा कान चावला तेव्हा त्याला खेळातून बाद केले गेले. त्याच्या चाव्याची परिणामकारकता कोणी गुणांत मोजली नाही. निकाल चुकला तर खेळ स्वतःला सुधारतो, हेही लक्षात घ्या. १९८८च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्स याने अंतिम सामन्यात छ्याऐंशी ठोसे लगावले, प्रतिस्पर्धी पार्क सी-हुन याने बत्तीस. तरीही पाच पंचांपैकी तिघांनी सुवर्णपदक पार्कला दिले. त्या बदनामीनंतर पुढच्या ऑलिंपिकपर्यंत विजेच्या यंत्राने गुण मोजण्याची पद्धत आली. ती निर्दोष होती असे नव्हे. पण मोजणी सुधारली पाहिजे एवढी लाज त्या खेळाला वाटली.

उमेदवारांच्या वादात यांतले काय आहे? कमरेखालच्या वाराला टाळ्या मिळतात. कान चावणाऱ्याचे छायाचित्र पहिल्या पानावर येते. गुण कोण देतो, कशाचे देतो, हे कोणालाच ठाऊक नसते. अर्ध्या तासात ‘कोण जिंकले’ याचा कौल मात्र फिरू लागतो.

यापेक्षाही मोठा फरक दुसरा. रिंगणात ठोसा ज्याला मारायचा त्यालाच लागतो. फ्रेझियरचा डावा हात अलीच्या जबड्यावर बसला, अली पंधराव्या फेरीत खाली पडला, ८ मार्च १९७१चा तो सामना फ्रेझियरने जिंकला. व्यवहार दोघांपुरता संपला. उमेदवारांच्या वादात ठोसा प्रतिस्पर्ध्याला लागत नाही. तो लागतो प्रश्नाला. याची तीन उदाहरणे आम्ही देतो आणि वाचकांनी ती नीट तपासावीत, कारण तिन्ही अमेरिकेच्या वादपरंपरेतले ‘सर्वोत्तम ठोसे’ म्हणून आजही सांगितली जातात.

ऑक्टोबर १९८८, ओमाहा. उपाध्यक्षपदाचे उमेदवार डॅन क्वेल यांना विचारले गेले की अध्यक्षपदाची जबाबदारी अचानक अंगावर पडली तर आपण सर्वप्रथम काय कराल. उत्तर मिळेना, म्हणून प्रश्न फिरून विचारला गेला, पुन्हा विचारला गेला. शेवटी क्वेल म्हणाले की माझा अनुभव जॅक केनेडी यांच्याइतका आहे. त्यावर लॉईड बेंटसन यांनी, आपण केनेडींना ओळखत होतो, ते आपले मित्र होते आणि तुम्ही काही केनेडी नाही, असे सुनावले. सभागृह दणाणले. तो क्षण जगाने लक्षात ठेवला. पण मूळ प्रश्नाचे काय झाले? तो तसाच पडून राहिला. क्वेल त्या रात्री आडवे झाले म्हणतात. नोव्हेंबरमध्ये तेच निवडून आले आणि उत्तर न देताच चार वर्षे त्या पदावर बसले.

ऑक्टोबर १९८४, कॅन्सस सिटी. अध्यक्ष रेगन त्र्याहत्तर वर्षांचे. पत्रकाराने विचारले की क्युबाच्या संकटात केनेडींना कित्येक दिवस फारशी झोप मिळाली नव्हती. तसा प्रसंग आला तर आपल्याला झेपेल का? रेगन म्हणाले की प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा उठवणार नाही. वॉल्टर मॉन्डेल स्वतःही हसले. विनोद उत्तम होता, आम्हीही हसतो. पण प्रश्न प्रकृतीचा होता, आणि अण्वस्त्रांची कळ ज्याच्या हाती आहे त्याच्या प्रकृतीचा प्रश्न हास्याच्या लाटेत वाहून गेला.

तिसरे उदाहरण चार वर्षे आधीचे, क्लीव्हलंडचेच. जिमी कार्टर यांनी रेगन यांच्या मेडिकेअरविरोधाचा, म्हणजे वृद्धांच्या आरोग्यविम्याला त्यांनी पूर्वी केलेल्या विरोधाचा, मुद्दा काढला. ‘झाले तुमचे पुन्हा सुरू’ अशा अर्थाच्या चार शब्दांनी रेगन यांनी तो झटकला. न्यायाने सांगितले पाहिजे की त्यानंतर त्यांनी खुलासाही केला, आपण त्या वेळी दुसऱ्या एका विधेयकाच्या बाजूचे होतो असा. तो खुलासा खरा की खोटा, पुरेसा की अपुरा, याची चर्चा व्हायला हवी होती. ठोसा एवढा गाजला की खुलासाही कोणाला आठवत नाही आणि आरोपही.

याउलट ६ ऑक्टोबर १९७६ची सॅन फ्रान्सिस्कोची रात्र. अध्यक्ष फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. प्रश्न विचारणारे पत्रकार मॅक्स फ्रँकेल यांना कानांवर विश्वास बसेना. त्यांनी, आपल्याला नक्की हेच म्हणायचे आहे का, असे पुन्हा विचारून फोर्ड यांना सावरायची संधी दिली. फोर्ड आपल्या विधानावर ठाम राहिले आणि तेच विधान त्यांच्या गळ्यात पडले. इथे कार्टर यांनी ठोसा मारलाच नव्हता. उमेदवार एका उलटप्रश्नाने उघडा पडला. मुष्टियुद्धाच्या शब्दांत हा प्रसंग सांगताच येत नाही, कारण मुष्टियुद्धात पंच प्रश्न विचारीत नाही. आमच्या मते या साऱ्या परंपरेत वाद म्हणावा असा जो थोडा ऐवज आहे, त्यात ही रात्र पहिली.

आता भाषेकडे वळतो.

‘वाद’ हा शब्द आपल्याकडे फार सोसून आहे. ‘वाद घालू नकोस’ असे आई मुलाला म्हणते तेव्हा वाद म्हणजे उलट बोलणे. न्यायालयात वाद म्हणजे दावा; वादी आणि प्रतिवादी. समाजवाद, गांधीवाद यांत वाद म्हणजे विचारप्रणाली. आणि ‘सीमावाद’ या शब्दात वाद म्हणजे भांडण, जणू दोन राज्यांनी बांधावरून काढलेली कुरापत. म्हणूनच आपल्या जुन्या कार्यकर्त्यांनी आग्रहाने ‘सीमाप्रश्न’ हा शब्द वापरला, आणि आम्हीही तोच वापरतो. पण वाद या शब्दाचा मूळ मान यांपैकी कुठेच शिल्लक राहिलेला नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे, सत्य काय ते ठरवण्यासाठी, पक्ष आणि प्रतिपक्ष मांडून चालते ती चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करून चालते तो जल्प. आणि स्वतःची बाजू काहीच न मांडता समोरच्याचे फक्त खंडन करीत राहणे म्हणजे वितंडा. मराठीने ‘वितंडवाद’ हा शब्द जपला आणि जल्प विसरला. अलीकडे समाजमाध्यमांवरील ट्रोलांना काही जण ‘जल्पक’ म्हणू लागले आहेत, तेवढ्यापुरता तो परत आला. ज्याने हा शब्द शोधून काढला, त्याला आमचा नमस्कार.

या तीन प्रकारांवरून आमचा आक्षेप नेमका होतो. मुष्टियुद्धाच्या उपमेत जल्प आणि वितंडा बसतात. वाद बसत नाही. दोन मुष्टियोद्धे सत्याच्या शोधात रिंगणात उतरत नाहीत. वादात मात्र प्रतिपक्षाचे म्हणणे पटले तर ते मान्य करणे हा विजयाइतकाच मानाचा शेवट समजला जातो. जी उपमा तीनपैकी सर्वांत श्रेष्ठ प्रकाराला बाहेरच ठेवते, ती रोज वापरली की तो प्रकार डोळ्यांसमोरून नाहीसा होतो. मग एखादा उमेदवार ‘या मुद्द्यावर माझे चुकले’ असे म्हणाला की मथळा येतो : अमुक पराभूत.

न्यायसूत्रकार भाबडे नव्हते. जल्प आणि वितंडा यांचाही उपयोग आहे, कोवळ्या अंकुरांभोवती काट्यांचे कुंपण घालतात तसा, असे त्यांनीच म्हटले आहे. धटिंगणाशी बोलताना काटे लागतात, हे सीमाभागातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. आमची तक्रार एवढीच की अलीकडे शेतात सगळीकडे कुंपणच दिसते, पीक दिसत नाही.

आणि गुण कसे मोजायचे, याचीही सोय त्यांनी केली आहे. वादात मनुष्य कोठे हरला हे ठरवण्यासाठी बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यांतली काही आजच्या कोणत्याही वाहिनीवर तासाभरात सापडतात. विषय सोडून भलतेच बोलणे हे अर्थान्तर. रेगन यांचा विनोद याच खाती जमा होतो. तेच ते पुन्हा सांगणे हे पुनरुक्त. उत्तर न सुचणे ही अप्रतिभा. समोरच्याचे म्हणणे, ते तीनदा सांगून झाल्यावरही, स्वतःच्या तोंडाने पुन्हा मांडता न येणे हे अननुभाषण. काम निघाले म्हणून चर्चा मध्येच सोडून जाणे हा विक्षेप. स्वतःवरचा आरोप न खोडता ‘तुमच्यातही हाच दोष आहे’ असे म्हणणे ही मतानुज्ञा. कारण असे म्हणणाऱ्याने स्वतःवरचा आरोप तर मान्यच केला. ‘तुमच्या काळात काय झाले ते सांगा’ हे वाक्य आज कोणत्याही पक्षाच्या प्रवक्त्याच्या तोंडी असते, आणि त्याला सडेतोड उत्तर म्हणून दाद मिळते. शास्त्राप्रमाणे तो त्याच क्षणी हरलेला असतो.

या यादीत एक निग्रहस्थान असे आहे की ते वाचताना आम्हाला स्वतःचीच लाज वाटली. पर्यनुयोज्योपेक्षण. नाव जिभेला जड आहे, अर्थ सोपा : समोरचा चुकला होता, त्याला तिथेच पकडायला हवे होते, आणि आपण पकडले नाही. यात पराभव चुकणाऱ्याचा नाही, सोडून देणाऱ्याचा. याच लेखणीने मागे एका स्थानिक सभेच्या वृत्तान्तात ‘सणसणीत ठोसा’ असे शब्द लिहिले होते. तो कशावरचा ठोसा होता हे आज आठवत नाही, आणि आमच्या म्हणण्याचा त्याहून चांगला पुरावा आम्हाला मिळणार नाही.

कोणी म्हणेल, मुष्टियुद्ध परके असेल, पण कुस्ती तर आपली आहे. ‘निवडणुकीच्या आखाड्यात शड्डू ठोकला’, ‘धोबीपछाड दिला’, ‘आस्मान दाखवले’ हे आपण पिढ्यान्पिढ्या म्हणत आलो. खरे आहे, आणि ते शब्द आम्ही टाकून द्या म्हणत नाही. बेळगावच्या मातीत कुस्ती मुरलेली आहे. तिथे मराठी पैलवान आणि कन्नड पैलवान एकाच वस्तादाच्या हाताखाली तयार झाले. पण कुस्तीतले शब्द निवडणुकीला लावताना जुने लोक ते चुरशीला लावीत, युक्तिवादाला नव्हे. शड्डू ठोकणे म्हणजे अर्ज भरणे. आस्मान दाखवणे म्हणजे मतमोजणीत पाडणे. चर्चेसाठी वेगळे शब्द होते : खंडन-मंडन, शंका-समाधान, सवाल-जवाब, पूर्वपक्ष-उत्तरपक्ष. शाहिराच्या फडावर सवालाला जवाबच द्यावा लागे. जवाबाऐवजी कोणी थप्पड मारली तर प्रेक्षक त्याला शाहीर म्हणत नसत. आज हे दोन कप्पे एक झाले आहेत. आणि गंमत पाहा, ‘पंच’ हा शब्द मराठीत पूर्वी फक्त निवाडा करणाऱ्याचा होता. आता त्याच अक्षरांनी ठोसाही लिहितात. निवाडा करणारा गेला आणि ठोसा त्याच्या जागी येऊन बसला, याची नोंद भाषेने आपल्याही नकळत केली आहे.

शब्दाची जखम ठोशापेक्षा हलकी असते असेही कोणी समजू नये. अली आणि फ्रेझियर तीन वेळा लढले. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात चौदा फेऱ्या झाल्या आणि फ्रेझियरचे डोळे सुजून मिटत आले, तेव्हा त्याच्या प्रशिक्षकाने, एडी फच यांनी, त्याला पंधराव्या फेरीसाठी उठू दिले नाही. ते डोळे कालांतराने उघडले. पण सामन्याच्या जाहिरातीसाठी अलीने त्याला ‘गोरिला’ म्हटले होते, आणि तेही कोणाला? बंदीच्या काळात ज्याने अलीची बाजू घेतली त्या माणसाला. तो शब्द फ्रेझियरने पुढे कित्येक वर्षे मनात वागवला. जगातल्या सर्वांत जबर ठोसे खाल्लेला माणूस शेवटपर्यंत तक्रार करीत होता ती एका शब्दाची.

आता आपल्या घरचे.

संयुक्त महाराष्ट्राचा ठराव १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात झाला. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते. ही मागणी लेखक-वाचकांच्या मेळाव्यात, कारणे देऊन, मांडली गेली. पुढे खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चार तत्त्वे आपण धरली. ती आजही आपल्या बाजूचा कणा आहेत. महाजन आयोगाने १९६७ साली २६४ गावे महाराष्ट्राला व २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत आणि बेळगाव शहर कर्नाटकातच राहावे असे म्हटले, तेव्हा त्या अहवालातील विसंगती दाखवण्याचे काम घोषणांनी झाले नाही, अहवाल ओळीओळीने वाचून झाले. बॅरिस्टर अंतुले यांनी तर त्यावर पुस्तक लिहिले. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तिथे ठोशाला जागा नाही. तिथे पूर्वपक्ष लेखी द्यावा लागतो आणि प्रतिपक्षाचे प्रत्येक विधान क्रमांकाने खोडावे लागते.

आचार्य अत्र्यांचे काय, असे लगेच विचारले जाईल. अत्रे आम्हालाही प्रिय आहेत. त्यांच्या वाणीचा प्रहार जबरदस्त होता आणि त्या चळवळीला त्याची गरज होती. पण अत्रे प्रहार करीत असताना त्याच व्यासपीठावर एस. एम. जोशी मुद्दे मांडीत असत. कुंपण होते आणि आत पीकही होते. आपण अत्र्यांचा आवाज उचलला आणि एसेम यांची वही विसरलो.

त्याचा हिशेब समोर आहे. २०१३ साली महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार कर्नाटक विधानसभेत होते. २०१८ साली एकही नाही, २०२३ साली एकही नाही. २०१८ला तर काही मतदारसंघांत समितीच्या नावाने दोन-दोन उमेदवार उभे राहिले. याला राष्ट्रीय पक्षांचा पैसा, मतदारसंघांची रचना, तरुणांचे स्थलांतर अशी अनेक कारणे आहेत, आणि सारा दोष भाषेवर ढकलण्याइतके आम्ही भाबडे नाही. पण त्या निवडणुकांत आपल्याच माणसांच्या सभांना आम्ही बसलो होतो. एकाच चळवळीतले दोन गट एकमेकांना ‘गद्दार’ म्हणत होते आणि खाली बसलेले आपण शिट्ट्या वाजवत होतो. दोघांपैकी कोणाची भूमिका काय, दाव्याच्या पुढच्या सुनावणीपर्यंत गावोगावचे कागद कोण गोळा करणार, निवडून आल्यावर विधानसभेत कोणता प्रश्न कोणत्या कलमाखाली विचारणार, हे कोणी विचारले नाही. आम्हीही नाही.

या टाळ्या-शिट्ट्यांची किंमत कोण मोजतो? राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाप्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावयाची आहे. ३५०-ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी आहे. जिथे अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण पंधरा टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असे मान्य झालेले संरक्षण आहे. सीमाप्रश्न सुटेपर्यंत ज्या शेतकऱ्याला कन्नड वाचता येत नाही, त्याच्या हातातल्या नोटिशीचा हा प्रश्न आहे. ज्या मराठी शाळेत चार वर्गांना मिळून एक शिक्षक उरला आहे, तिच्यातल्या मुलांचा हा प्रश्न आहे. एखादा उमेदवार यावर बोलू लागला की सभेत चुळबुळ सुरू होते. दुसरा प्रतिस्पर्ध्याच्या चपलांवर विनोद करतो आणि सभा खिशात घालतो.

गोव्यातले आणि इंदूर-बडोद्याचे वाचक म्हणतील, हे तुमच्या निवडणुकीचे झाले, आमच्याकडे तर मराठीचा मुद्दा घेऊन कोणी उभाच राहत नाही. मग तुमच्या मंडळांच्या वार्षिक सभांपासून सुरुवात करा. तिथेही हीच ठोसेबाजी चालते, हे आम्ही पाहुणे म्हणून पाहिले आहे.

आमची सूचना साधी आहे. येत्या निवडणुकीत, ग्रामपंचायतीची असो वा विधानसभेची, सभेला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावा. उमेदवाराला आधी प्रतिस्पर्ध्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायला लावावे. न आले तर अननुभाषण. मग शाळेतल्या शिक्षकांचा, नोटिशीच्या भाषेचा, दाव्याच्या कागदांचा प्रश्न विचारावा. उत्तराऐवजी ठोसा आला तर हसू आले तरी हसावे, पण टाळी वाजवू नये आणि कागदावरचा प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा वाचावा. तिसऱ्यांदा वाचूनही उत्तर मिळाले नाही, तर वहीत त्या नावापुढे ‘अप्रतिभा’ असे लिहून खाली बसावे, आणि ती वही मतदानाच्या दिवसापर्यंत सांभाळून ठेवावी.